पह्यले हात, मंग तोंड

मले राग लवकर येते. हे पोंभुर्ण्यात शेंबड्या पोरालेही माहीत आहे. माही बायको माधवी म्हन्ते, तुमचं इंजिन चालू कराच्या अगोदरच गरम असते. आता गिऱ्हाईक गाडी घेऊन येते आन् म्हन्ते, "मिस्त्री, जरासा आवाज येऊन राह्यला, पाहून द्या." जरासा म्हंजे किती? समोरून येते का मांगून? ब्रेक मारल्यावर का खड्ड्यात गेल्यावर? त्या आवाजाले काई नावगाव पायजे का नाई? डोस्कं सनकते माहं.

पन काम चोख आहे, हे माहे दुश्मनही कबूल करतीन. बसस्टँडच्या मांगं वीस वर्सांपासून ग्यारेज आहे. बाप सोमाजी सायकलीचा मिस्त्री होता, मी चारचाकीचा झालो. बाप जाऊन नऊ वर्सं झाले. त्याचा एक नेम होता, तो मी ग्यारेजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवला आहे: पह्यले हात, मंग तोंड. म्हंजे गाडीले हात लावल्याबिगर तिच्यात काय बिघडलं हे बोलाचं नाई. येनारे-जानारे वाचतात, हासतात, कोनी फोटो काढते. त्याच भिंतीखाली उभा राहून मी काय शेन खाल्लं, ते ऐका.

जून महिना होता. पानी पडाचंच होतं, उकाड्यानं जीव चाल्ला होता. त्या दिवशी साळ्याच्या पोरीचं मूल गावी साक्षगंध होतं, म्हंजे साखरपुडा. मी नवा पांढरा सदरा घालून शटर अर्धं पाडलं, तेवढ्यात इस्तारीभाऊची गाडी येऊन उभी झाली.

इस्तारीभाऊ म्हंजे आमच्या इकडच्या मच्छीमार सोसायटीतला सगळ्यात जुना मानूस. जलम सारा मामा तलावाच्या, म्हंजे जुन्या मालगुजारी तलावाच्या पान्यात गेला. त्याचा पोरगा अमर तिकडं बल्लारपूरले कंपनीत आहे. त्यानं दोन वर्सांपह्यले सात सीटची एक पांढरी गाडी जुनीच घेतली घरच्यासाठी. पन तो हप्त्यातून एकडाव घरी येनार, मंग गाडी चालवन कोन? त्याच्या बायकोनं शिकून घेतली. रीता तिचं नाव. गावात गाडी चालवनारी ती एकटीच बाई. बाजाराच्या दिवशी मांगच्या सीटा पाडून मासोळीचे टप न्याची, पावसाळ्यात बोटुकली आनाची, म्हंजे तलावात सोडाचे बोटाएवढे मासोळीचे पिल्लं. आन् मधात कोनाच्या घरी बाळंतपन निघालं, कोनाले साप चावला, तं अर्ध्या रात्रीही रीताच.

त्या दिवशीही तीच चालवत आली होती, इस्तारीभाऊ बाजूले बसून. खाली उतरली आन् म्हनाली, "मिस्त्रीभाऊ, गाडी डोंग्यावानी हालते."

"म्हंजे?"

"डोंगा आपन थांबवला तरी लाट त्याले खालतं-वरतं करतच राह्यते ना, तशी. खड्डा मांगं राह्यला तरी ही झुलूनच राह्यली. आन् ब्रेक मारला का नाक पान्यात घालते."

आता कोनताही शाहना मिस्त्री असता तं तिथंच उडी मारून उठला असता. इतकं साफ, इतकं बरोबर आजपावतर मले कोन्या गिऱ्हाइकानं सांगतलं नाई. पन मी काय ऐकलं? मी ऐकलं डोंगा. आन् मले हासू आलं. वरून माधवी फोनवर ओरडून राह्यली, "अंगठ्या घालून होतीन तिथी, तवा याल का?" आन् गाडीचा तं वास! मांगून मासोळीचं पानी टपटप गळून राह्यलं, खाली माह्या फरशीवर थारोळं. मी टॉर्च घेतला, कमरेत वाकलो, दोन हात दुरूनच समोरच्या चाकाच्या अंदर उजेड मारला.

शॉकप ओला दिसला. शॉकप म्हंजे चाकाच्या वरतं उभा असलेला तेलाचा नळा, त्याच्याभोवताल स्प्रिंग. खड्डा आला का स्प्रिंग उसळते, आन् हा नळा तिले धरून शांत करते. वांड पोराच्या खांद्यावर मास्तरचा हात असते ना, तसं. हा नळा गळाले लागला का त्याच्यातलं तेल भाईर येते आन् तो ओला दिसते. हे मले माहीत आहे. झोपेतही माहीत आहे. पन ह्या गाडीत काय ओलं नव्हतं? सीट ओली, पत्रा ओला, खालचं सारंच ओलं. मी म्हनलो, "मासोळीचं पानी आहे. दुसरं काई नाई. गाडी ठणठणीत आहे."

बोट लावून पाह्यलं असतं तं एका मिनिटात समजलं असतं. पन सदरा पांढरा होता, वास मारत होता, आन् मले घाई होती.

"पन भाऊ, हालते ना," रीता म्हनाली.

"मंग वल्हव तिले! डोंगा वाटते तं वल्हं घे हाती!"

बाजूच्या चहाटपरीवर सोसायटीचे चार लोक बसले होते, सेक्रेटरी लहानूही होता. सारे खदखदा हासले. हासले म्हनून मले अजून चेव चढला. मी भर चौकात म्हनलो, "इस्तारीभाऊ, गाडीत दोष नाई. चालवनारीचा हात कच्चा आहे."

रीता गाडीत बसली, सुरू केली आन् गेली. मी साक्षगंधाले गेलो, दोन वाढे बुंदी खाल्ली.

पुढं तीनेक हप्त्यानं, धानाचे रोपं लावाचा रोवना भरात आला होता, तवा गोष्ट घडली. रीता आन् तिची सासू प्रेमिलाबाई बोटुकली घेऊन येत होत्या. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मांगं, आन् त्या धरून प्रेमिलाबाई बसलेली. नाल्याच्या रपट्याअगोदर, म्हंजे बुटक्या पुलाअगोदर जे वळन आहे, तिथी रस्त्यावर ढोरं बसून होते. रीतानं ब्रेक मारला. गाडीनं नाक घातलं खाली, मांगची बाजू हलकी झाली, एक झोला इकडं, एक झोला तिकडं, आन् सीधी रस्त्याच्या खाली धानाच्या बांधीत जाऊन बसली.

जीव वाचले सगळ्याईचे. पन प्रेमिलाबाईचा उजवा हात मनगटातून मोडला. पिशव्या फुटल्या. बांधीत रोवना करनाऱ्या बाया धावत आल्या, आन् प्रेमिलाबाईले उचलून झाल्यावर त्याईनं पदरात, घमेल्यात जेवढ्या भेटल्या तेवढ्या बोटुकल्या येचून बांधीच्याच पान्यात सोडल्या. बाकीच्या चिखलात मेल्या.

आन् मंग माहं वाक्य फिरलं गावभर. टपरीवर, तलावावर, सोसायटीच्या बैठकीत. "मिस्त्रीनं तं अगोदरच सांगतलं होतं, चालवनारीचा हात कच्चा आहे." लोक मले येऊन सांगत, "कुलदीपभाऊ, मानलं तुमाले." खोटं कशाले बोलू? मले बरं वाटे. मानूस असाच हरामखोर असते.

इस्तारीभाऊनं चाबी रीताच्या हातून घेतली आन् आपल्या करदोड्याले बांधली. गाडी ट्रॅक्टरनं ओढत माह्या ग्यारेजात आनली. बंपर फाटलं होतं, समोरचा पत्रा चेपला होता, एक लाइट गेला होता. म्हातारा म्हनला, "कुलदीप, दिसाले बरी करून दे. सोमवारी गोंडपिपरीचा एक गिऱ्हाईक येऊन राह्यला. इकून टाकतो."

"इकता काऊन? अमरले इचारलं का?"

"अमरले काय इचाराचं? त्याच्या मायचा हात मोडला. सूनबाईनं लय हिंडून पाह्यलं, आता घरी बसावं."

रीता त्याच्या मांगंच उभी होती. मले वाटलं आता काई बोलन, भांडन. पन ती गाडीकडंही पाहत नव्हती, स्वतःच्या हाताकडं पाहत होती. लय वाईट दिसलं मले ते, पन मी पत्र्याचे ठोके मोजाले लागलो.

गाडी पह्यले धुतली. आतून भाईरून, प्रेशरनं, साबनानं, वास जाईपर्यंत. मंग पत्र्याच्या शेडखाली दोन दिवस उभी ठेवली वाळाले. तिसऱ्या दिवशी चाक काढलं, आन् समोर काय? शॉकप ओला.

टप नाई, मासोळी नाई, पानी नाई. गाडी कोरडी ठणठणीत, आन् शॉकप ओला.

हळूच बोट लावलं. चिकट. त्याच्यावर धूळ बसून असा लेप झाला होता का प्रेशरनंही निघाला नव्हता, म्हंजे हे आजचं नव्हतं, महिन्याचं होतं. तरी मन मानत नव्हतं. पेपरचा तुकडा घेतला, त्याच्यावर ते बोट पुसलं, बाजूले पान्याचा एक थेंब टाकला. चहा पिऊन येईपर्यंत पान्याचा थेंब सुकून गेला होता, आन् दुसरा डाग भज्याच्या कागदासारखा पसरला होता. बोनेटवर दोन्ही हातानं जोर देऊन सोडलं. चांगली गाडी एकडाव वरतं येते आन् थांबते. ही खालतं, वरतं, खालतं, वरतं. टायरवरून तळहात फिरवला तं लाटाच लाटा, एका जागी उंच, एका जागी घासलेला. टायर जमिनीले धरूनच नव्हता तं ब्रेक काय करन?

पोरीनं ब्रेक बरोबर मारला होता. गाडीनं तिचं ऐकलं नाई. आन् गाडीच्या अगोदर मी ऐकलं नाई.

खाली बसलो जमिनीवर. मंग माहा दिमाग चालाले लागला, चोराचा चालते तसा. चंद्रपूरहून नवे शॉकप मांगवतो. माह्या खिशातून. गुपचूप बसवतो. सोमवारी गाडी जाते, इस्तारीभाऊ खुश, गिऱ्हाईक खुश. कोनाले काय समजते? भिंतीवरचा नेमही राह्यते आन् माहं नावही राह्यते.

माही माय गिरजाबाई ग्यारेजातच असते दिवसभर. चौऱ्याऐंशी वर्सांची आहे, खाटेवर बसून मोहाच्या टोळी, म्हंजे बिया फोडत असते. डोळ्यानं कमी दिसते, पन माह्या तोंडावरचं सारं तिले दिसते. म्हनाली, "काय झालं रे? साप पाह्यला का?"

सांगून टाकलं. तिच्यापाशी लपवाची सवय नाई. शॉकप गुपचूप बदलवतो, हेही सांगतलं.

मायनं टोळ फोडाचं थांबवलं. "तुहा बाप सायकल मिस्त्री काऊन झाला, ठाऊक आहे?"

"पोटासाठी झाला. दुसरं काय?"

"पोटासाठी धानाची मजुरी होती. आमच्या लग्नाले वर्स झालं होतं, जुनी सायकल घेतली होती त्यानं. चाक डगडग करे. गावात एकच सायकलवाला. आपल्या लोकाईच्या सायकलीले तो हात लावत नव्हता. दुरून, काडीनं दाखवे. म्हने, चाक वाकडं आहे, नवं आन. तुह्या बापानं महिन्याची मजुरी घालून नवं चाक आनलं, तरी डगडग गेली नाई. मंग घरी सारं खोलून पाह्यलं तं चाकात काईच नव्हतं. अंदरचे दोन छर्रे फुटले होते. त्या दिवशी तो लय रडला. पैशासाठी नाई रडला. म्हने, त्यानं हात लावला असता तं त्याले समजलं असतं."

मले हे अर्धंच माहीत होतं. सायकलवाला हात लावत नव्हता, एवढं. काडीचं मले कोनी सांगतलं नव्हतं.

"तवापासून तो म्हने, पह्यले हात, मंग तोंड," माय म्हनाली. "त्यानं काडीनं दाखवलं. तू टॉर्चनं दाखवलं."

मले असा राग आला! मायवर आला, टॉर्चवर आला, त्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. उठलो आन् जॅकले लाथ मारली. जॅक लोखंडाचा, अंगठा माहा. नख निळं झालं. माय खाटेवरून म्हनाली, "शॉकप तू बदलवशील रे. पन त्या पोरीच्या नावाले जे लागलं, ते कोन बदलवन?" आन् पुन्हा टोळ फोडाले लागली.

इतवारी सकाळी मी इस्तारीभाऊले फोन केला. "गाडी पाहाले या. सूनबाईले आना, प्रेमिलाबाईले आना. आन् लहानू सेक्रेटरीले म्हना, टपरीवर जे चौघं होते ते चारही पायजेत." म्हातारा म्हनला, "गाडी पाहाची आहे का वरात काढाची आहे?" मी म्हनलो, "या तं."

आले सारे. प्रेमिलाबाईचा हात पलस्तरात, गळ्यात झोळी. रीता मांगं, शटरपाशीच उभी राह्यली, अंदर येईना. जुने शॉकप मी काढले नव्हते, मुद्दामच. गाडी चाकावर उभी होती.

"रीता, इकडं ये. बोनेट दाब. जोरानं. आन् सोडून दे."

ती सासऱ्याकडं पाहाले लागली. मंग आली, दाबलं, सोडलं. गाडी खालतं-वरतं, खालतं-वरतं. कोनी हासलं नाई. इस्तारीभाऊ खाली वाकून पाहून राह्यला होता. साठ वर्सं पान्यावर काढलेला मानूस, त्याले सांगा लागत नाई. त्यानं आपल्याच तोंडानं म्हनलं, "हा तं डोंगा आहे."

"हेच तिनं जूनमधी सांगतलं होतं," मी म्हनलो. वीस वर्सांत गिऱ्हाइकासमोर माही चूक मी कबूल केली नव्हती. "शॉकप तवाच मेला होता. तेल गळत होतं. मी मासोळीचं पानी समजलो. हात लावला नाई, वास येते म्हनून, सदरा खराब होईन म्हनून. भिंतीवर एवढं मोठं लिहून ठेवलं, आन् हात लावला नाई. वळनावर हिनं ब्रेक बरोबर मारला. हात हिचा कच्चा नव्हता, माहा होता."

लहानू खाकरला. म्हनला, "मिस्त्री, तुह्या तोंडून चूक? सूर्य कुठून निघाला आज?"

"हास लेका, पोट भरून हास. पन माहं ते वाक्य तू जिथी जिथी नेलं, तिथी तिथी आता हेही ने. बैठकीत सांग. नाई सांगतलं तं तुह्या गाडीले ह्या ग्यारेजात कोनी पंक्चरही काढून देनार नाई."

इस्तारीभाऊ मातर उभाच होता. "म्हंजे प्रेमिलाचा हात तुह्यापायी मोडला."

"हो."

"आन् मी सूनबाईले..." एवढं म्हनला आन् करदोड्याच्या चाबीवर हात नेला, आन् काढून घेतला.

मले वाटलं रीता आता माह्यावर येईन. यावं, मारावं दोन, मी तयार होतो. ती मारती तं सोपं गेलं असतं. ती म्हनाली, "मिस्त्रीभाऊ, मलेही पटलं होतं."

"काय?"

"माहाच हात कच्चा आहे म्हनून. हप्ताभर झाला, डोळे मिटले का तेच वळन दिसते. ब्रेक उशिरा मारला का, जोरानं मारला का, हेच मोजत राह्यतो. मले गाडीचं समजत होतं. तुमी म्हनले आन् मी माहं समजलेलं सोडून देलं."

मी पाना उचलला. मले तेवढंच येते.

नवे शॉकप दोन्ही बाजूचे आनले होते. लहानू म्हनला, गळते एकच, मंग दोन कशाले? मी म्हनलो, एका बाजूले जवान बैल आन् दुसऱ्या बाजूले म्हातारा जुपून पाह्य, बंडी कुठी जाते. चाकं काढले, नट खोलले, अख्खा दांडा स्प्रिंगसकट भाईर काढला. स्प्रिंग शिकंज्यात आवळताना साऱ्याईले मांगं सरकवलं, कारन ती सुटली तं मानूस जाग्यावर जाते. जुना नळा मोकळा झाला तवा तो इस्तारीभाऊच्या हाती देला. "दाबा." त्यानं दाबला, दांडी भसकन् अंदर गेली, लोन्यात गेल्यासारखी, आन् तिथंच राह्यली. मंग नवा देला. म्हाताऱ्यानं सारा जोर लावला तरी दांडी हळूहळूच गेली, आन् सोडल्यावर हळूहळूच भाईर आली. म्हाताऱ्यानं तो नळा खाली ठेवला नाई. सुनेकडं नेला आन् म्हनला, "हे पाह्य वं. दाबून पाह्य." बस, एवढंच. पन सासरा सुनेले हप्त्यानंतर पह्यला शब्द बोलला होता, हे मले मांगाहून समजलं.

दोन्ही बसवले. चाकं चढवले, जॅक उतरवला, गाडीचं वजन चाकावर आल्यावर शेवटचे नट आवळले. ते अधांतरी आवळले का रबर लवकर फाटते. रीतानं न सांगता बोनेट दाबलं. खालतं गेली, वरतं आली, थांबली.

"आता चंद्रपूरले नेऊन चाकाची अलाइनमेंट करा लागन," मी म्हनलो. "उद्याच."

इस्तारीभाऊनं फोन काढला. गोंडपिपरीच्या त्या गिऱ्हाइकाले लावला. "हां, मी इस्तारी. सोमवारी येऊ नका. सोमवारी गाडी रिकामी नाई." तिकडून तो काई बोलला असन. "नाई, मंगळवारीही नाई," म्हातारा म्हनला आन् फोन कापला. मंग करदोड्याची गाठ सोडाले लागला. गाठ सुटेना. सुटली, तं चाबी सुनेच्या हाती देववेना. बोनेटवर ठेवली आन् तोंड फिरवून उभा राह्यला.

चाबी तिथंच पडून. रीताही उचलेना. पोरगी भेली होती. नवीन शॉकप मी गाडीले बसवले, पन तिच्यात कुठी बसवता येतात?

तवा प्रेमिलाबाई उठली. आल्यापासून ही बाई एक शब्द बोलली नव्हती. हात तिचा मोडला होता, आन् त्या हाताच्या नावानं सारं गाव बोललं होतं, मी बोललो, म्हातारा बोलला, तिले मातर कोनी इचारलं नव्हतं. डाव्या हातानं चाबी उचलली, सुनेच्या मुठीत कोंबली. मंग समोरचा दरवाजा डाव्याच हातानं उघडला, आन् रीताच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. पलस्तराचा हात मांडीवर ठेवला.

"चाल," म्हनाली. "मी समोर बसतो."

रीताचे डोळे भरले. पदरानं पुसले, आन् जशी काई आठवन झाली तशी माह्या ग्यारेजातल्या पिपाकडं गेली. बोटुकलीची एक रिकामी पिशवी गाडीतच होती, ती पान्यानं अर्धी भरली, तोंडाले गाठ मारली, आन् माह्यापुढं धरली. "मिस्त्रीभाऊ, तुमी मांगं बसा. हे धरा."

बसलो. सासू बसली होती त्याच जागी, मांडीवर पान्याची पिशवी घेऊन. सदरा ओला झाला, होऊ दे म्हनलं. रीतानं गाडी काढली, सीधी त्याच रस्त्याले लागली. रपट्याअगोदरचं वळन आलं तसे तिचे खांदे आखडले, मले मांगून दिसत होते. प्रेमिलाबाईनं वळून डावा हात सुनेच्या खांद्यावर ठेवला. वळनात रीतानं ब्रेक मारला, चांगला जोरानं. गाडी एकडाव झुकली आन् जागच्या जागी उभी राह्यली. खाली बांधीत धान हिरवागार झाला होता.

मांगं न पाहता रीतानं इचारलं, "मिस्त्रीभाऊ, पानी हालते काय?"

"नाई हालत," मी म्हनलो.

"पाहून नका सांगू. हात लावून सांगा."

मी तळहात पिशवीवर ठेवला. पानी शांत होतं. मंग सांगतलं, "हात लावून सांगतो, नाई हालत."